पाण्यातून पडणारा प्रकाश : एका शोधाची अपुरी ओळख

संगणकाच्या चिपविषयीच्या लेखनात बर्न लिन या अभियंत्याची गोष्ट साधारण अशी सांगितली जाते. सिलिकॉनच्या चकतीवर, म्हणजे वेफरवर, सूक्ष्म रेषा उमटवण्यासाठी १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश वापरला जात होता. आणखी बारीक रेषांसाठी १५७ नॅनोमीटरकडे वळायचे, असा उद्योगाचा बेत होता. तैवानच्या टीएसएमसी कंपनीतील लिन यांनी २००२ मध्ये सुचवले, की प्रकाश तोच ठेवावा; फक्त शेवटचे भिंग आणि चकती यांच्यामध्ये पाणी भरावे. या प्रकाशासाठी पाण्याचा अपवर्तनांक १.४४ आहे. १९३ ला १.४४ ने भागले, की १३४ येतात. म्हणजे १५७ पेक्षाही कमी!

गोष्ट खरी आहे आणि भागाकारही बरोबर आहे. तरीही ती वर्गात सांगण्यापूर्वी शिक्षकांनी दोन ठिकाणी थांबावे, असे आम्हाला वाटते.

पहिली अडचण स्पष्टीकरणाची. चित्र उमटते ते पाण्यात नव्हे, तर चकतीवरच्या प्रकाशसंवेदी लेपात. लेपाचा अपवर्तनांक सुमारे १.७ असतो. लेपात शिरलेल्या प्रकाशाची तरंगलांबी लेपच ठरवतो. वर पाणी असो वा हवा, ती सुमारे ११४ नॅनोमीटरच भरते. मग पाण्याने साधले काय? चौकस विद्यार्थ्याच्या या प्रश्नाला १३४ हा आकडा उत्तर देत नाही.

उत्तर पूर्ण आंतरिक परावर्तनात आहे. नक्षी जितकी बारीक, तितका तिच्यातून जाणारा प्रकाश विवर्तनामुळे अधिक फाकतो. हे तिरके किरण चकतीपर्यंत पोचले, तरच बारीक रेषा उमटतात. शेवटच्या भिंगाच्या सिलिका काचेचा अपवर्तनांक या प्रकाशासाठी १.५६ आहे. काचेखाली हवा असेल तर क्रांतिक कोन सुमारे ४० अंश येतो. त्याहून तिरके किरण काचेतच परततात. खाली पाणी असेल तर हाच कोन सुमारे ६७ अंश होतो. अडकून पडणारे किरण आता बाहेर येतात आणि नक्षीचे बारकावे सोबत आणतात. अशा यंत्रांनी एका छपाईत सुमारे ३८ नॅनोमीटर रुंदीच्या रेषा उमटवता येऊ लागल्या. पाणी प्रकाशाला वाट करून देते, हे या शोधाचे मर्म आहे.

दुसरी अडचण श्रेयाची. सूक्ष्मदर्शकाचे वस्तुभिंग तेलात बुडवण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकातली. चिपच्या छपाईसाठी द्रव वापरण्याचा विचार लिन यांनी स्वतः १९८७ मध्येच मांडला होता. २००१ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत स्वित्केस आणि रॉथ्सचाइल्ड यांनी १५७ नॅनोमीटरसाठी वेगळा द्रव वापरून पाहिला. तेव्हा कल्पना नवी नव्हती. लिन यांचे मोठेपण निवडीत आहे. १५७ च्या वाटेवर कॅल्शियम फ्लुओराइडची अवघड भिंगे लागणार होती. शिवाय हवा हा प्रकाश शोषून घेते, म्हणून प्रकाशाचा मार्ग नायट्रोजनने भरावा लागणार होता. लिन यांनी ती वाट सोडून साध्या पाण्याकडे बोट दाखवले आणि उद्योगाला आकड्यांनिशी पटवले. मे २००३ मध्ये इंटेलने १५७ चा नाद सोडला.

पण पटवणे म्हणजे यंत्र नव्हे. वेगाने सरकणाऱ्या चकतीवर पाण्याचा पातळ थर जागीच धरून ठेवायचा, त्यातला विरघळलेला वायू काढायचा, एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, मागे थेंब सोडायचा नाही! हे नेदरलँड्सच्या एएसएमएल कंपनीच्या आणि इतर अनेक अभियंत्यांनी जमवले. एकाच नावाची गोष्ट सांगितली, की हे कष्ट झाकले जातात आणि यंत्र घडवणे हे दुय्यम काम आहे, असा समज मुलांच्या मनात रुजतो.

वर्गात एवढे जरूर करावे. काचेच्या अर्धवर्तुळाकार ठोकळ्याच्या वक्र बाजूने, केंद्राच्या रोखाने, लेझरचा किरण सोडावा आणि सपाट बाजूवरून तो पूर्ण परावर्तित होईल असा, सुमारे ५० अंशांचा कोन साधावा. मग तीच सपाट बाजू पाण्याला टेकवावी. परतणारा किरण पाण्यात उतरलेला दिसेल. लेझर कोणाच्या डोळ्यांवर पडणार नाही, याची काळजी मात्र घ्यावी. १३४ चा भागाकार त्यानंतर फळ्यावर मांडावा.