'फक्त स्त्रियांसाठी': एका रकान्याबद्दल

जव्हार-मोखाड्याच्या आरोग्यावर संशोधन म्हटलं की आपल्याला कुपोषण, बालमृत्यू, बाळंतपणं आठवतात. 1992 च्या वावर-वांगणीनंतर ते साहजिकच आहे. आज मात्र एक साधा फॉर्म बघू: आशाताई घरोघरी भरतात तो 'सीबॅक'. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी कॅन्सर, मधुमेह, रक्तदाबाची ही पहिली चाळणी. दवाखाना लांब असलेल्या पाड्यांवर ती दारात येते, हे तिचं मोठं बळ.

पण लक्षणांच्या प्रश्नांचे दोन भाग आहेत. खोकला, तोंडातले चट्टे वगैरे स्त्री-पुरुष दोघांना. स्तनातली गाठ, पाळी नसताना रक्तस्राव, अंगावरून घाण वास येणारं पाणी जाणं, हे 'फक्त स्त्रियांसाठी'.

आता समजा, मोखाड्यातल्या एका पाड्यावर ट्रान्स पुरुष राहतो. जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेला, पुरुष म्हणून जगणारा. 2019 च्या कायद्याने तशी ओळख मिळण्याची वाट ठेवली होती. फॉर्मवर 'पुरुष' लिहिलं की गर्भाशयमुखाचे प्रश्न संपले. 'स्त्री' लिहिलं तर ते विचारले जाणार ओट्यावर, घरच्यांसमोर, गावातल्याच बाईकडून. तो खरं बोलेल असं वाटतं तुम्हाला? एचपीव्ही विषाणू काही रकाना बघून शिरत नाही.

पुढची पायरीही अवघड. सरकारी कार्यक्रमात स्पेक्युलम घालून, ॲसिटिक ॲसिड लावून गर्भाशयमुख बघतात. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याचा योनिमार्ग कोरडा, नाजूक होतो, तपासणी दुखते. बोस्टनच्या 2014 च्या अभ्यासात ट्रान्स पुरुषांचे 10.8 टक्के पॅप नमुने निकाल देण्याजोगे नव्हते. सिसजेंडर स्त्रियांमध्ये हे प्रमाण 1.3 टक्के होतं.

मग करायचं काय? एचपीव्ही चाचणीचा भक्कम पुरावा आपल्याच उस्मानाबादेतला आहे: 2009 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात एकाच चाचणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. या चाचणीचा नमुना स्वतःचा स्वतः घेता येतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही ती पद्धत मान्य केली आहे.

"एवढ्या थोड्या लोकांसाठी फॉर्म बदलायचा?" असं कुणी म्हणेल. पण ओळख वेगळी आणि अवयव वेगळे विचारले, तर पिशवी काढलेल्या बाईचाही हेलपाटा वाचेल. बीडच्या ऊसतोड कामगार बायका आठवा. 'गर्भाशय आहे की काढलंय?' हा एक प्रश्न, आडोशाला, सगळ्यांना. फॉर्ममध्ये त्याला एक ओळ पुरते.