यूएमएल साधनांतील आवश्यकतांचा मागोवा : एक चिकित्सा

प्रस्तावना : संगणक प्रणालीने काय करावे, याचे लेखी विधान म्हणजे ‘आवश्यकता’. ती कोठून आली आणि आराखड्यात, आज्ञावलीत व चाचणीत कोठे उतरली, हे दोन्ही दिशांनी शोधता येणे म्हणजे मागोवा. १९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने प्रमाण म्हणून स्वीकारलेल्या यूएमएल या आरेखनभाषेच्या साधनांत हा मागोवा कितपत साधतो, याचा विचार येथे केला आहे.

विवेचन : यूएमएलमध्ये आवश्यकता हा स्वतंत्र घटक नाही, ‘ट्रेस’ हा संबंधही सैल आहे. एंटरप्राइज आर्किटेक्टसारख्या साधनांनी स्वतंत्र आवश्यकता-घटक व संबंधसारणी देऊन ही उणीव भरून काढली. कोणती आवश्यकता आराखड्यात उतरलीच नाही, हे सारणीतील रिकाम्या ओळीवरून तत्काळ कळते. हे या साधनांचे खरे यश होय.

तथापि भरलेला चौकोन काय सिद्ध करतो? समजा, मीरा-भाईंदरमधील इंद्रलोक येथील रहिवाशांच्या अर्जांसाठी एक प्रणाली रचली जात आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा विहित मुदतीत देणे अथवा अर्ज फेटाळल्यास त्याची कारणे लेखी कळविणे बंधनकारक आहे. ‘अर्ज फेटाळणे’ ही यूज केस या आवश्यकतेशी जोडली की चौकोन भरतो. तिच्यात कारण नोंदविण्याची पायरीच नसली, तरी तो भरलेलाच दिसतो. रहिवाशाला मात्र अपिलात कशाचे खंडन करावे, हे उमगत नाही. संबंध आहे एवढेच साधन सांगते. तो खरा आहे की नाही, हे माणसानेच तपासावे लागते.

दुसरी मर्यादा उगमाची आहे. मागोव्याच्या बहुतांश अडचणी आवश्यकता लिहिली जाण्यापूर्वीच्या टप्प्यात असतात, असे गोटेल व फिंकेलस्टाइन यांनी १९९४ मध्येच दाखविले होते. कायद्याचे कलम, बैठकीतील निर्णय, विधान करणारी व्यक्ती यांची नोंद नसेल, तर कायदा बदलल्यावर कोणती विधाने तपासावीत हे सारणी सांगू शकत नाही.

निष्कर्ष : प्रत्येक आवश्यकतेसोबत तिचा उगम, कारण व जबाबदार व्यक्ती नोंदवावी आणि विधान बदलताच तिचे सर्व संबंध संशयित मानून पुन्हा तपासावेत. अन्यथा पूर्ण भरलेली सारणी हा मागोवा नसून केवळ मागोव्याचा आभास ठरतो.