रंगात रंगलं कॅलेंडर

रंगांशी माझं तसं वैर नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात सुट्टीचा आकडा तांबडा आणि हजेरीचा काळा, एवढ्या रंगज्ञानावर नोकरदार माणूस निवृत्तीपर्यंत सुखाने पोचतो. पण हल्ली कॅलेंडरंसुद्धा संगणकावर तयार होतात. त्यासाठी ‘लो-कोड’ नावाचा प्रकार आहे. फॉरेस्टर या अमेरिकन संस्थेने २०१४ साली हे नाव प्रचारात आणलं. अर्थ असा की, प्रोग्रॅम लिहिता येत नसला तरी माहितीचं कोठार उभारता येतं. म्हणजे पाकीट फोडा, पीठ भिजवा आणि गुलाबजाम तळा! क्विकबेस, झोहो क्रिएटर, एअरटेबल ही त्या पाकिटांवरची नावं.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी दुरुस्तीच्या कामांचं असं एक कॅलेंडर केलं आहे. प्रत्येक काम आपापल्या तारखेच्या चौकटीत जाऊन बसतं आणि ‘जर-तर’च्या नियमाने रंग घेतं. जर तारीख उलटली तर तांबडा, जर काम झालं तर हिरवा. ऐकायला झकास! पण संगणक नियम वरून खाली वाचतो आणि जो पहिला लागू पडेल तो धरून बसतो. त्यामुळे गेल्या महिन्यात धुतलेली टाकी आजही तांबडीलाल. तारीख काय हो, सगळ्यांचीच उलटते! उपाय म्हणाल तर दोन ओळींची अदलाबदल, बस्स. सेक्रेटरींनी मात्र आणखी पाच रंग वाढवले.

हा नाद जगभरचा आहे. गूगलच्या कॅलेंडरातल्या रंगांना टोमॅटो, बनाना, ग्रेप अशी नावं आहेत. महिना वाचतोय की मंडईत उभे आहोत, कळत नाही.

हसण्यावारी नेता येत नाही ती गोष्ट पुढेच आहे. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत बारांतल्या सुमारे एकाला तांबड्या-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. आपल्याकडे प्रमाण कमी, पण आहे. जॉन डाल्टनने १७९४ साली स्वतःच्याच अशा दृष्टीवर निबंध वाचला होता. आमचे खजिनदार डाल्टनच्याच पंगतीतले. ‘तांबडी कामं आधी घेऊ’ म्हटलं, की ते बिचारे शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. लोक म्हणतात, ‘अण्णांचं हल्ली लक्ष नसतं.’ तीस वर्षं पै-पैचा हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाने हे ऐकून घ्यायचं! गेल्या सभेत त्यांनी राजीनाम्याची भाषा काढली. कारण मात्र सांगितलं नाही.

माहिती केवळ रंगाने सांगू नये, असं वेबच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत १९९९ पासून लिहिलेलं आहे. रंग खुशाल द्या, पण चौकटीत ‘झालं’, ‘राहिलं’ एवढी दोन अक्षरं लिहायला काय मोडतं? शिवाय हे सप्तरंगी कॅलेंडर नोटीस बोर्डावर लागतं ते झेरॉक्स होऊन. तिथे तांबडं करडं आणि हिरवंही करडं. त्या बोर्डापुढे आपण सगळेच खजिनदार!