ठेका साधला, स्वर राहिला : घरगुती इलेक्ट्रॉनिक संगीताचा आढावा

एखाद्या कलेची प्रकृती पाहावयाची तर तिच्या मान्यवर कलावंतांची केवळ हजेरी घेऊन भागत नाही. ज्यांना त्या कलेने अद्याप कोणतीही सनद दिलेली नाही अशी पोरसवदा मंडळी घराच्या कोपऱ्यात बसून तिच्याशी काय करीत आहेत, हेही पाहावे लागते. घरच्या घरी, बहुधा एकट्याने रचल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे, कारण या कलेला घराणे नाही, गंडाबंधन नाही, आणि तिचे बहुतेक साधक कुमारवयातच तिच्या नादी लागलेले असतात. ऐंशीच्या दशकात, पुण्यात, मीही त्यांपैकी एक होतो. आणि त्या काळापासून आजपर्यंतचा ताळेबंद मांडताना एक निष्कर्ष माझ्या मनात अधिकाधिक दृढ होत जातो, तो असा की, या संगीताने आपल्याकडे ठेक्याचा प्रश्न मोठ्या कर्तबगारीने सोडविला, परंतु स्वराचा प्रश्न मात्र अद्याप नीटसा हातीही घेतलेला नाही.

त्या काळची आमची सामग्री अल्प होती. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून 555 ही आठ पायांची चिप, काही रेझिस्टर, एखादा कपॅसिटर आणि एक प्रीसेट आणावा, बोर्डावर डाग देऊन त्यांची जोडणी करावी, आणि प्रीसेट फिरवीत स्पीकरमधून निघणारा तो काहीसा नाकातला, अखंड नाद हव्या त्या उंचीवर आणून ठेवावा, हा आमचा पहिला पाठ. पुढे आखाती देशातून परतणाऱ्या कुणा नातलगाच्या कृपेने कॅसिओ घरी आला की दुसरा पाठ सुरू होई : एका टेपरेकॉर्डरवर ठेका ध्वनिमुद्रित करावयाचा, तो मोठ्याने वाजवीत त्याच्यावर कॅसिओची सुरावट धरावयाची, आणि खोलीतला हा सारा मिलाफ दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घ्यावयाचा. असे जितके थर चढत तितकी टेपची खरखर वाढे, आणि सेल उतरू लागले की टेपची गती मंदावून अवघी रचनाच किंचित खालच्या पट्टीत घसरे. त्यामुळे प्रत्येक थर देण्यापूर्वी आधीचा थर कोणत्या सुरावर येऊन थांबला आहे, हे कान लावून निश्चित करणे अपरिहार्यच होते.

या सक्तीच्या श्रवणातूनच एक मर्म हाती लागले. घरात तंबोरा असेल आणि तो सुरेल लागलेला असेल, तर त्याच्या खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो. तो ऐकून कॅसिओवरील गंधाराची पट्टी दाबावी, तर दोघांचे जुळत नाही. षड्ज 240 कंपनांचा धरला तर स्वयंभू गंधार 300 कंपनांवर येतो, समान बारा भागांत विभागलेल्या सप्तकाचा गंधार मात्र 302.4 च्या आसपास पडतो. संख्येच्या दृष्टीने हा भेद क्षुल्लक दिसतो. यमन ऐकणाऱ्या कानाला तो क्षुल्लक नाही. पेटीसंबंधी या देशात जो वाद झाला, ज्यापायी आकाशवाणीने 1940 पासून तीन दशके हार्मोनियम आपल्या उंबऱ्याबाहेर ठेवला, तोच वाद या नव्या वाद्याच्या रूपाने आमच्या खोलीत येऊन उभा राहिला होता.

या प्रश्नाची जाण आपल्याकडे मुळीच नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरसह स्टुडिओची उभारणी केली, आणि गीता साराभाई, अतुल देसाई प्रभृतींनी तेथे प्रयोग केले. तो उपक्रम थोड्याच वर्षांत थांबला, तरी संस्थेच्या दप्तरात टेपा राहिल्या म्हणून ते प्रयोग आज ऐकता येतात. बंगळूरला जी. राज नारायण यांनी 1979 मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा सिद्ध केला, आणि आज तो असंख्य घरांतील रियाजाचा आधार झाला आहे. 1982 मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आयुष्य घालविलेल्या या वादकाने, दहा राग यांत्रिक ठेक्यावर बांधले. त्यासाठी त्यांनी वापरलेले रोलँडचे टीबी-303 हे यंत्र मुळात एकट्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून निघाले होते. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, आणि त्या सोयीतून मींडेचा आभास निर्माण होतो, हे या रागदारी जाणणाऱ्या माणसाच्या ध्यानी आले. ती ध्वनिमुद्रिका तेव्हा दुर्लक्षित राहिली. 2010 मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाल्यावर जगाने तिची दखल घेतली. परंतु तिच्यातील विचार पुढे नेणारी परंपरा मात्र आपल्याकडे निर्माण झाली नाही.

आजचे चित्र साधनांच्या दृष्टीने सर्वस्वी पालटले आहे. फ्रुटीलूप्स हे बेल्जियममध्ये जन्मलेले, 2003 पासून एफएल स्टुडिओ म्हणून ओळखले जाणारे सॉफ्टवेअर तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले, आणि त्याच्या सोळा घरांच्या चौकटीवर मिरवणुकीचे ठेके, कोळीगीते, भीमगीते आणि लग्नाच्या वरातीचे रिमिक्स बांधणारी एक पिढी उभी राहिली. या पिढीची लयीची समज मी उच्च दर्जाची मानतो. ताशाची तर्री कोठे सोडावी, ढोलाचा घाव कोठे रिकामा ठेवावा, याचे तिला उपजत भान आहे. न्यूक्लिया या नावाने रचना करणाऱ्या उदयन सागर यांच्या ‘बास रानी’सारख्या (2015) संग्रहात रस्त्यावरच्या याच वाद्यमेळाचे तेज मैफलीपर्यंत पोहोचलेले दिसते. यातही उणिवा आहेतच : ढोलकीचा एकच नमुना पुनःपुन्हा वाजविल्याने डाव्या पुडीचा वळता घुमारा हरवतो, आणि चौकट सोळाची असल्याने सात किंवा दहा मात्रांकडे कुणी सहसा फिरकत नाही.

खरी गरिबी आढळते ती स्वरात. ठेक्यावर येऊन बसणारी सुरावट बहुधा मूळ गाण्यातून कापून आणलेली असते, किंवा पट्ट्यांवर ठोकलेली, एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारणारी असते. येथे साधनांची सबब चालणार नाही. 1983 मध्ये रूढ झालेल्या मिडी या इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या संकेतपद्धतीत स्वर वाकविण्यासाठी 16,384 पायऱ्यांची तजवीज आहे. ती चार अर्धस्वरांच्या पल्ल्यात वाटली तरी प्रत्येक पायरी मानवी कानाच्या पकडीपेक्षा कितीतरी सूक्ष्म राहते. मींड, आंदोलन आणि कोमल ऋषभाची रागागणिक बदलणारी उंची, हे सारे त्यात बसू शकते. अडचण आहे ती शिक्षणाची आणि समीक्षेची. कीबोर्डच्या शिकवण्यांत बोटे बसविली जातात, स्वर वाकविणारे चाक अस्पर्श राहते. आणि आमची समीक्षा या संगीताच्या केवळ आवाजाविषयी बोलते, त्याच्या रचनेविषयी नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे की, ख्यालाला किंवा नाट्यपदाला आपण जे प्रश्न विचारतो, तेच या मुलांच्या रचनांना आदरपूर्वक विचारावेत : हा गंधार कोणता, हा ऋषभ येथे का स्थिरावला, ही सुरावट श्वास कोठे घेते? ज्याच्याजवळ संगणक आहे त्या प्रत्येक मुलाने एक दिवस ठेका बंद ठेवावा, केवळ तंबोऱ्याच्या नादावर एकच स्वर लावावा, आणि तो मिळेपर्यंत चाक हलवीत राहावे. ज्या पिढीने लय इतक्या झपाट्याने आत्मसात केली, तिला स्वर साधणार नाही असे मानण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही.