लाल मुरमाची वाट

उत्तर फ्रान्समधल्या सायकल-सफरींचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, तर एक गोष्ट लक्षात आली असेल. त्यांत माणसं नसतात. सकाळचं धुकं असतं, ड्रोनखालून सरळ पळणारी पांढुरकी वाट असते, दोन्ही बाजूंना गव्हाचं नाहीतर बीटचं शिवार असतं, लांबवर चर्चचा मनोरा असतो आणि मधोमध मातकट रंगाचे कपडे घातलेला एकच सायकलस्वार. मागे संथ गिटार. वर्णनात ठरलेले शब्द: शांत, निर्मनुष्य, वाहतूक नसलेला.

या प्रकाराला ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात. हँडल रेसच्या सायकलीसारखं वाकडं, पण टायर चाळीसेक मिलिमीटर रुंद, म्हणजे डांबर संपलं तरी सायकल थांबत नाही. ग्रॅव्हलला मराठीत खडी म्हणता येईल, पण आपल्या डोळ्यांसमोर येतो तो मुरमाचा रस्ता. आपल्याकडे मुरमाचा रस्ता म्हणजे डांबराची वाट बघत बसलेला रस्ता. तिकडे त्याच्यावरून जाण्यासाठी लोक वेगळी सायकल विकत घेतात, हे आमच्या घरी फोनवर समजावून सांगताना मला दोन वेळा हार मानावी लागली.

मी दोन वर्षं लीलमध्ये शिकत होतो. सेकंडहँड सायकल घेतली आणि शनिवार-रविवार याच वाटांवर घालवले. त्या आधी हे व्हिडिओ मी इतके पाहिले होते की पहिले काही महिने मीही तसंच बघत होतो. फ्रेममध्ये ट्रॅक्टर आला की थांबायचं, तो गेला की फोटो काढायचा. माझी तक्रार आहे ती या बघण्याबद्दल. हे व्हिडिओ सुंदर असतात यात वाद नाही. पण शांतता हा त्या जमिनीचा जन्मजात गुण आहे, हिरवेपणासारखा, असं ते धरून चालतात. तिथली एकही शांत वाट तशी नाही. प्रत्येक वाट आधी गजबजलेली होती आणि कुठलं तरी काम बंद पडल्यावर शांत झाली.

कालव्याकाठची वाट घ्या. नॉर आणि पा-द-काले हे कालव्यांचे जिल्हे आहेत, आणि नवख्या सायकलस्वाराला सगळ्यात आधी हीच वाट सुचवली जाते, कारण ती सपाट आहे आणि चुकायचा प्रश्न नाही. फ्रेंचमध्ये तिला ओढकामाची वाट म्हणतात. मालाने भरलेले पडाव दोराने ओढत नेण्यासाठी ती होती. ओढायला घोडे असत, आणि ज्यांना घोडा परवडत नसे ते स्वतः छातीला पट्टा बांधून ओढत. पुरुष ओढत, बायका ओढत, मुलंही ओढत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हे चालू होतं. नदीकाठच्या जमीनमालकाने ओढकामासाठी 7.80 मीटर पट्टा मोकळा सोडावा, असा फ्रेंच कायद्याचा जुना नियम आहे. त्या पट्ट्यात झाड लावायचं नाही, कारण दोर अडकतो. व्हिडिओत वाट आणि पाणी यांच्यामध्ये काहीही येत नाही आणि कडेने आकाशाचं प्रतिबिंब अखंड सरकत राहतं, त्या देखाव्यामागे हा दोर आहे. हे कळल्यावर देखावा कमी सुंदर होत नाही. पण कॅमेऱ्यामागच्या माणसाला ते माहीत असतं, तर त्याने तो शॉट वेगळ्या उंचीवरून घेतला असता, असं मला वाटतं. खांद्याच्या उंचीवरून.

कोळशाच्या पट्ट्यात तर जमीनच बोलते. बेत्यूनपासून व्हालांसिएनपर्यंत खाणींचा पट्टा पसरलेला आहे. 1906 साली कुरिएरच्या खाणीत स्फोट होऊन 1,099 माणसं मेली, ती इथेच. शेवटची खाण 1990 च्या डिसेंबरमध्ये वान्यी इथे बंद झाली आणि 2012 मध्ये युनेस्कोने या सगळ्या पट्ट्याला जागतिक वारसा ठरवलं. एका खाणीतून दुसरीकडे कोळसा नेणाऱ्या छोट्या रेल्वेमार्गांना इथे 'कावालिए' म्हणतात, म्हणजे घोडेस्वार. रूळ उखडले, भराव राहिले, आणि त्यांतल्या कित्येकांवरून आता सायकली जातात. चढ हळुवार, वळणं लांबलचक, कारण ती कोळशाच्या गाडीला झेपेल अशी आखलेली.

या वाटांचा मुरूम कित्येक ठिकाणी लाल असतो. मला वाटलं होतं, इथली मातीच तशी असेल. ती माती नव्हे. खाणीतून कोळशाबरोबर निघालेला टाकाऊ दगड रचून रचून डोंगर झाले, त्यांना तेरिल म्हणतात. लोस-आं-गोएलची जोडी तर समुद्रसपाटीपासून 180 मीटरच्या वर जाते, आणि सपाट मुलखात ती पार लांबून दिसते. त्या दगडात उरलेला कोळसा ढिगाच्या पोटात आपोआप पेटतो, वर्षानुवर्षं धुमसतो, आणि काळा दगड भाजून विटेसारखा लाल होतो. तो रस्त्यांवर पसरला गेला. म्हणजे ज्या ग्रॅव्हलसाठी आपण टायर निवडतो, त्यात किती हवा भरायची यावर तासभर वाद घालतो, ते ग्रॅव्हल म्हणजे खाणीचा भाजलेला कचरा आहे. पावसात तो चाकांवरून उडून पिंढऱ्यांवर बसतो आणि धुतल्यावर मोरीत लाल पाणी जातं.

इथे एका सिनेमाबद्दल बोलायला हवं, कारण याच मुलखाकडे वेगळ्या तऱ्हेने बघितलेलं मला त्यात पहिल्यांदा दिसलं. डॅनिश दिग्दर्शक यॉर्गन लेथ याचा 'अ संडे इन हेल'. 1976 सालच्या पॅरिस-रूबे शर्यतीवरचा माहितीपट. शर्यत 1896 पासूनची. 'उत्तरेचा नरक' हे नाव तिला 1919 मध्ये मिळालं. पहिल्या महायुद्धानंतर मार्ग पाहायला गेलेल्या लोकांना उद्ध्वस्त गावं आणि उखडलेली जमीन दिसली, त्यावरून. आज हे नाव दगडी रस्त्यांच्या हालांना लावलं जातं, युद्धाचा भाग गळून गेला.

लेथचा सिनेमा सुरू होतो तो एका मेकॅनिकच्या हातांवर. सायकल साफ होते आहे, साखळी, दात, ब्रश. मग खेळाडू पोटभर जेवतात. मग निघतात, आणि वाटेत शर्यत अडते, कारण एका वर्तमानपत्राचे संपावर असलेले छपाई कामगार रस्त्यावर उतरलेत. दुसऱ्या कुणी हा भाग कापला असता. लेथ तिथे कॅमेरा ठेवतो. पुढे शेतवाटांवर धूळ इतकी, की आधी फुफाटा दिसतो आणि मग माणूस. बांधावर उभं राहिलेलं गाव दिसतं. शेवटी मार्क डेमेयर जिंकतो, मोझर आणि डे व्लामिंक हे मोठे तारे मागे राहतात, आणि कॅमेरा रूबेच्या जुन्या न्हाणीघरात जातो, तिथे सिमेंटच्या बुटक्या आडोशांत उभे राहून सगळे मातीचे झालेले पाय धुतात.

सिनेमा निर्दोष नाही. त्यातलं समूहगान मला जड जातं. प्रत्येक धक्क्याला महाकाव्य करायची त्याला घाई आहे, आणि ज्यांच्या शेतांमधून ही शर्यत जाते ते शेतकरी शेवटपर्यंत पार्श्वभूमीच राहतात. पण तिथला रस्ता कुणाच्या तरी कामाचा आहे, हे तो विसरू देत नाही. ग्रॅव्हलच्या व्हिडिओंपाशी त्याच्याहून एक जास्तीची गोष्ट आहे, ती म्हणजे वेळ. ते शर्यतीमागे धावत नाहीत, थांबू शकतात. थांबून मात्र ते कॉफी करतात.

आरेनबेर्गच्या जंगलातली दगडी वाट मी एका मंगळवारी पाहिली. सुमारे 2,300 मीटर, नाकासमोर सरळ. शर्यतीत ती 1968 मध्ये आली, झां स्टाब्लिन्स्कीने सुचवल्यामुळे. पोलिश स्थलांतरितांचा हा मुलगा, 1962 चा विश्वविजेता, लहानपणी त्याच जंगलाखालच्या खाणीत कामाला होता. वाटेच्या तोंडाशी त्याचं स्मारक आहे, आणि थोड्या अंतरावर बंद खाणीचे लोखंडी मनोरे. दगडांच्या फटीत गवत माजतं. 2024 मध्ये ते खायला शेळ्या सोडल्या होत्या. त्या मंगळवारी तिथे कुणीच नव्हतं. व्हिडिओच्या भाषेत परिपूर्ण सकाळ. मी दगडांवरून तीनशे मीटर गेलो, हात बधिर झाले, आणि गुपचूप कडेच्या मऊ वाटेवर उतरलो.

आता माझी चूक. मार्ग आखायला आपण ॲप वापरतो, त्यात वर्दळीचे रस्ते टाळायची सोय असते. लीलच्या पश्चिमेला लिस नदीच्या बाजूचा सखल मुलूख आहे, तिथून मी असा मार्ग तीन वेळा केला. ओढे, पॉपलरच्या रांगा, बटाट्याची शेतं. तीनदा मी न्यव-शापेलच्या अगदी जवळून गेलो आणि मला पत्ता नव्हता. तिथे पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर मारल्या गेलेल्या आणि ज्यांना थडगं मिळालं नाही अशा भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. 4,700 हून जास्त नावं. हर्बर्ट बेकरने आखलेलं, 1927 मध्ये उघडलेलं. ते एका चौकात आहे, आणि चौकातून ट्रक जातात, त्यामुळे ॲप मला दर वेळी वळसा घालून शेतांतून नेत होतं. मी ज्याला शांत म्हणत होतो त्यातून हे गाळलं गेलं होतं, आणि गाळणी मीच लावली होती.

चौथ्या वेळी मोठ्या रस्त्याने गेलो. ट्रकचा वारा सायकलीला रस्त्याच्या कडेला ढकलतो, पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवून चालवावं लागतं. स्मारक म्हणजे वर्तुळाकार भिंत, कमळाचं शीर्ष असलेला उंच स्तंभ, दोन दगडी वाघ. भिंतीवर पलटणींप्रमाणे नावं. थर्ड सॅपर्स अँड मायनर्स शोधलं. ही पलटण खडकीची. तिच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या 28 ऑक्टोबर 1914 रोजी, 47 व्या शीख पलटणीसोबत, याच गावावर चालून गेल्या होत्या. खंदक खणणारी, पूल बांधणारी माणसं; त्या दिवशी पायदळ म्हणून पाठवली गेली आणि त्यांतली कित्येक धड परतली नाहीत. तेव्हा इथे ना ग्रॅव्हल होतं ना डांबर, चिखल होता, आणि रस्त्यावरचे फळकूट टाकायचं काम सॅपर्सचंच असे.

माझी मावशी खडकी बाजारात राहते. तिच्या घरी जाताना लष्कराच्या भिंतीला लागून रस्ता आहे, त्यावरून मी शाळेत असताना शेकडो वेळा सायकल मारली आहे.

भिंतीपाशी अर्धा तास होतो. बाहेर ट्रक थांबत नव्हते, त्यामुळे नावं मनात वाचताही येईनात, ओठ हलवून वाचावी लागत होती. परतताना ॲपने पुन्हा शेताकडे वळायला सांगितलं. बीटचा हंगाम होता, वळणावर ट्रॅक्टरने सांडलेला चिखल पसरला होता आणि काढलेल्या बीटचा लांबलचक ढीग रस्त्याच्या कडेला लागला होता, उसाच्या मोळ्या लागतात तसा. ट्रॅक्टरवाल्याने मला आधी जाऊ दिलं. मी मोठ्या रस्त्यानेच लीलला आलो.