गॅमा-सिक्रिटेज विकरसंकुल : 'औषधी लक्ष्य' या संकल्पनेची चिकित्सा
(स्मृतिभ्रंश व कर्करोग यांच्या संदर्भात)

प्रस्तावना

औषधनिर्मितीच्या परिभाषेत 'लक्ष्य' हा शब्द इतका रूढ झाला आहे की, त्यामागे एक रूपक आहे याचा सहसा विसर पडतो. लक्ष्य म्हटले की नेम आला, बाण आला आणि लक्ष्यावाचून दुसरे काही दिसू नये ही अपेक्षाही आली. झाड, फांदी वा पक्षी न दिसता केवळ पक्ष्याचा डोळा पाहणारा अर्जुन आपल्याकडे एकाग्रतेचा आदर्श मानला जातो. मानवी शरीराच्या बाबतीत हा आदर्श कितपत हितावह आहे, हा प्रश्न गॅमा-सिक्रिटेज या विकराच्या, म्हणजेच एन्झाइमच्या, इतिहासाने उपस्थित केला आहे. या विकराची ओळख एकाच रोगातील भूमिकेवरून ठरविली गेली आणि त्याची किंमत रुग्णांना मोजावी लागली, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

विकराचे स्वरूप

अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत आढळणाऱ्या गाठींमधील बीटा-अमायलॉइड हा प्रथिनाचा तुकडा १९८४ मध्ये ग्लेनर व वाँग यांनी वेगळा केल्याचे प्रसिद्ध झाले. तो एका मोठ्या पूर्वगामी प्रथिनापासून तयार होतो. त्या प्रथिनावर प्रथम बीटा-सिक्रिटेज छेद घेते व उरलेला भाग पेशीपटलाच्या आत गॅमा-सिक्रिटेज कापते. या दुसऱ्या छेदातून बहुतांशी ४० अमिनो आम्लांचे, तर काही प्रमाणात ४२ अमिनो आम्लांचे तुकडे निर्माण होतात. त्यांपैकी दुसरे अधिक सहजतेने साचतात.

गॅमा-सिक्रिटेज हे एकटे प्रथिन नाही. प्रेसेनिलिन, निकॅस्ट्रिन, एपीएच-१ व पेन-२ या चार घटकांचे ते संकुल आहे. प्रेसेनिलिनची जनुके १९९५ मध्ये आनुवंशिक अल्झायमर असलेल्या कुटुंबांच्या अभ्यासातून सापडली. हेच प्रथिन छेद घेणारा घटक असल्याचे १९९९ मध्ये वुल्फ व सहकाऱ्यांच्या कार्यातून पुढे आले. चीनमधील यिगाँग शी यांच्या गटाने व त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या संकुलाची सूक्ष्म रचना प्रसिद्ध केली. तीत पेशीपटल ओलांडणारे २० सर्पिल भाग दिसतात.

मात्र १९९९ मध्येच आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली होती. प्रेसेनिलिनवर अवलंबून असलेला हाच छेद 'नॉच' या प्रथिनालाही लागतो. पंखांच्या कडेला खाच असलेल्या फळमाशीवरून हे नाव पडले. कोणत्या पेशीने कोणते रूप घ्यावे, हे ठरविणाऱ्या संदेशवहनात नॉचचा वाटा मोठा आहे. आज या विकराकडून छेदली जाणारी शंभराहून अधिक प्रथिने ज्ञात आहेत. अमायलॉइडची निर्मिती हे त्याच्या अनेक कार्यांपैकी केवळ एक होय.

स्मृतिभ्रंशातील प्रयोग

हार्डी व हिगिन्स यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या अमायलॉइड गृहीतकानुसार अमायलॉइडचा साठा हे रोगाचे मूळ होय. मग तो तयार करणारे विकर बंद करावे, हा तर्क स्वाभाविक होता. एली लिली कंपनीच्या सेमागासेस्टॅट या निरोधकाच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचण्या २००८ मध्ये सुरू झाल्या. दोन चाचण्यांत मिळून २६०० हून अधिक रुग्ण होते. ऑगस्ट २०१० मध्ये त्या थांबविण्यात आल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आकलनशक्तीत सुधारणा झाली नाही. अधिक मात्रा घेणाऱ्यांची दैनंदिन कामे करण्याची क्षमता प्लासिबो घेणाऱ्यांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक खालावली. त्वचेचे कर्करोग व जंतुसंसर्ग यांचे प्रमाणही वाढलेले आढळले.

येथे कालक्रम लक्षात घेणे आवश्यक आहे. नॉचविषयीचे ज्ञान चाचण्यांपूर्वी नऊ वर्षे उपलब्ध होते. उंदरांच्या त्वचेत नॉच हे अर्बुदाला आळा घालते, हेही २००३ मध्ये प्रसिद्ध झाले होते. म्हणजे उणीव माहितीची नव्हती. योग्य मात्रा निवडून आटोक्यात ठेवता येईल असा 'दुष्परिणाम', एवढेच स्थान त्या माहितीला मिळाले. विकराच्या प्रमुख कार्याला दुष्परिणामांच्या रकान्यात टाकण्याची ही वृत्तीच चिकित्सेचा विषय व्हावयास हवी.

कर्करोगातील उलटलेली भूमिका

कर्करोग संशोधनात याच गोष्टीकडे उलट बाजूने पाहिले गेले. टी-पेशींच्या तीव्र रक्तकर्करोगात निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये नॉच-१ जनुकात त्याला अतिसक्रिय करणारी उत्परिवर्तने असतात, हे २००४ मध्ये दाखविण्यात आले. तेव्हा स्मृतिभ्रंशात जो अपाय, तोच येथे उपाय ठरावा अशी आशा निर्माण झाली. परंतु आतड्यातील पेशींनाही नॉचची गरज असते. ते रोखले असता तेथे श्लेष्म स्रवणाऱ्या पेशींचे प्रमाण वाढते. परिणामी तीव्र अतिसाराने या प्रयोगांना मर्यादा पडल्या. या रक्तकर्करोगासाठी अशा निरोधकाला अद्याप मान्यता मिळालेली नाही.

यश मिळाले ते अनपेक्षित ठिकाणी. निरोगासेस्टॅट या निरोधकाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २७ नोव्हेंबर २०२३ रोजी डेस्मॉइड अर्बुदांसाठी मान्यता दिली. ही अर्बुदे शरीरात दूरवर पसरत नाहीत. पण आजूबाजूच्या ऊतींत शिरून मोठी पीडा देतात. १४२ रुग्णांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ४१ टक्के, तर प्लासिबो घेणाऱ्यांपैकी ८ टक्के रुग्णांत अर्बुद लक्षणीय आक्रसले. त्याचबरोबर औषध घेणाऱ्या प्रजननक्षम वयातील स्त्रियांपैकी ७५ टक्क्यांमध्ये अंडाशयाच्या कार्यात बिघाड नोंदविला गेला. हे यशही निर्भेळ नाही. मात्र त्याची किंमत प्रथमपासून हिशेबात धरता येते.

मतांतरे

अपयशाचे सर्व खापर नॉचवर फोडणे एकांगी ठरेल. बीटा-सिक्रिटेजचे निरोधक नॉचचा हा छेद रोखत नाहीत. तरीही व्हेरुबेसेस्टॅट या निरोधकाच्या २०१८ मध्ये थांबविलेल्या चाचणीत आकलनशक्ती खालावल्याचे दिसले. औषध फार उशिरा दिले गेले, हाही एक विचारार्ह पक्ष आहे. शिवाय आनुवंशिक अल्झायमरमधील प्रेसेनिलिनची अनेक उत्परिवर्तने विकराची क्षमता वाढवीत नाहीत, उलट घटवितात. याच आधारे शेन व केलेहर यांनी २००७ मध्ये कार्यलोपाचा सिद्धान्त मांडला. तो सर्वमान्य नाही. परंतु आधीच दुर्बल झालेले विकर आणखी रोखावे काय, हा त्याचा प्रश्न टाळता येत नाही.

दुसरीकडे, साचलेले अमायलॉइड हटविणाऱ्या लेकॅनेमॅब या प्रतिपिंडाला २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. त्याने १८ महिन्यांत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला. लाभ मर्यादित आहे व मेंदूला सूज येण्याचा आणि रक्तस्रावाचा धोकाही आहे. तथापि अमायलॉइडचे गृहीतक सर्वथा निराधार होते असे यावरून म्हणता येत नाही. चूक रोगाच्या कारणापेक्षा हस्तक्षेपाच्या जागेविषयी अधिक होती, असा निष्कर्ष काढणे सयुक्तिक वाटते.

समारोप

गॅमा-सिक्रिटेज पूर्णपणे बंद न करता केवळ ४२ अमिनो आम्लांच्या तुकड्याचे प्रमाण घटविणाऱ्या नियामक द्रव्यांचा शोध आज चालू आहे. या मार्गावरील टॅरेनफ्लर्बिल २००८ मध्ये तिसऱ्या टप्प्यात निष्फळ ठरले होते. परंतु विकराची इतर कार्ये अबाधित राखण्याची त्यामागील दृष्टी अधिक प्रगल्भ आहे. एकच विकर एका रोगात अपराधी, दुसऱ्यात साधन आणि निरोगी देहात अपरिहार्य सेवक असू शकते. म्हणून एखाद्या विकराला लक्ष्य ठरविण्यापूर्वी 'ते रोगात काय करते' याच्याबरोबरीने 'ते निरोगी देहात काय काय करते' हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. ज्यांची स्मृती आधीच क्षीण होत चालली आहे, त्या रुग्णांवर पुन्हा तशी वेळ येऊ नये, यासाठी ही किमान अट होय.