‘सेवा’ या शब्दाची मजुरी

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत १९३२ च्या डिसेंबरात विनोबा राहावयास आले आणि या दलितवस्तीचे नाव सेवेच्या इतिहासात गेले. चर्मालय, १९३६ पासूनचे दत्तपूरचे कुष्ठकार्य, यांविषयी आदराने पुष्कळ लिहिले जाते. पण सूतकताईच्या मजुरीवर माणूस जगू शकतो काय, हेही विनोबांनी याच नालवाडीत स्वतः कातून तपासले होते. आमच्या मते नालवाडीचा मोलाचा वारसा हा हिशेब होय.

तो हिशेब कॅन्सरच्या रुग्णाला सांभाळणाऱ्या बाईपर्यंत का पोहोचला नाही? खर्ऱ्याने तोंड गेलेल्या नवऱ्याला सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रेडिएशनला न्यायचे म्हणजे तिचे तीस रोज बुडाले. २०२५-२६ च्या रोजगार हमीच्या दराने, ३१२ रुपयांप्रमाणे, ते ९,३६० रुपये होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना उपचाराचा खर्च उचलते, दाखल रुग्णाला जेवण देते, परतीचे भाडे देते. सोबतीणीच्या बुडालेल्या रोजाला तिच्यात रकाना नाही. (आणि योजनेला नाव कोणाचे, तर जोतीरावांचे!) मग बचत गटाचे कर्ज, गहाण पडलेली पोत, पोरीची सुटलेली शाळा.

पैशांचे निदान मोजता तरी येते. नाकातल्या नळीतून दर दोन-तीन तासांनी पेज घालणे, जखमेचा वास अंगात मुरवणे, रुग्णासमोर रडायचे नाही म्हणून मोरीत जाऊन रडणे, आणि एखाद्या पहाटे ‘सुटला तर बरे’ असे मनात येताच स्वतःचीच किळस वाटणे, हे ती कोणाला सांगणार? ‘थकले’ म्हणायची सोय नाही, कारण ती सेवा करते आहे! ‘सेवा’ हा शब्द तिची मजुरी खातो आणि तिचे तोंडही बंद करतो.

या शब्दातला डाव बाबासाहेबांनी ओळखला होता. काँग्रेस व गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब मांडणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी भंगीकामाच्या उदात्तीकरणावर कठोर प्रहार केला. ती टीका आम्ही रस्त्यावर वापरली. घराचा उंबरा मात्र तिला ओलांडू दिला नाही. आमच्या लेखनात आईचे कष्ट आहेत, ते शेतातले, गिरणीतले, मोळीचे. आजाऱ्याच्या उशाशी काढलेली वर्षे बहुधा एका वाक्यात उरकली जातात.

१९९० साली आलेले माईसाहेबांचे ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ हे पुस्तक या दृष्टीने पुन्हा वाचावे. तेथे आजार मधुमेहाचा आहे, कॅन्सरचा नव्हे. पण पथ्य, औषधे आणि रात्रीची जागरणे तीच. इतकी वर्षे सांभाळ केलेल्या बाईच्या वाट्याला १९५६ नंतर संशय आला, म्हणून आपण ते पुस्तक आरोपांचा खुलासा म्हणूनच वाचत राहिलो. सांभाळणारीची साक्ष म्हणून ते फारसे वाचले गेले नाही.

सेवाग्राम, सावंगी, नागपूर येथील वॉर्डांबाहेर बसलेल्या बायांकडे कार्यकर्त्यांनी आता वही घेऊन जावे. किती दिवस मोडले, किती रोज बुडाले, कर्ज कोणाचे आणि झोप किती, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. सोबतीणीच्या रोजाची मागणी शासनाकडे करताना ती वही पुढे ठेवता येईल.